एक्मो चालू आहे, तरी डावं हृदय फुगतंय: फ्लो वाढवायचा की कमी करायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. मिरजेतल्या तुमच्या आयसीयूत ५८ वर्षांचे रुग्ण आहेत. हृदयाच्या पुढच्या भिंतीचा मोठा झटका आला, अँजिओप्लास्टी करूनही शॉक उतरला नाही, म्हणून मांडीतून व्हीए एक्मो लावला, म्हणजे शिरेतून रक्त काढून, त्यात ऑक्सिजन मिसळून ते धमनीत परत ढकलणारा पंप. आज दुसरा दिवस. फ्लो (पंपातून मिनिटाला जाणारं रक्त) ४.५ लिटर, मीन प्रेशर (सरासरी रक्तदाब) ८५, लॅक्टेट (शरीराला रक्त कमी पडल्याची खूण) उतरतंय, लघवी होतेय. चार्टवर सगळं छान आहे. पण आर्टेरियल लाइन (धमनीतल्या दाबाचा आलेख) जवळजवळ सपाट आहे, पल्स प्रेशर (वरच्या-खालच्या दाबातला फरक) जेमतेम ६, श्वासनलिकेतल्या ट्यूबमधून गुलाबी फेस येतोय, एक्स-रे पांढरा पडलाय आणि एकोमध्ये डाव्या खालच्या कप्प्यात धुरासारखं रक्त घुटमळतंय. वरिष्ठ म्हणतात, फ्लो वाढवा, हृदयाला आराम पडेल. तुम्हाला ते पटत नाही. इम्पेला, म्हणजे कप्प्यातून रक्त ओढणारा छोटा पंप, तुमच्याकडे नाही. मग करायचं काय?

तुमची शंका रास्त आहे. व्हीए एक्मो मेंदूला, मूत्रपिंडांना, यकृताला रक्त पोचवतो. उजव्या हृदयाचा भारही उतरवतो, कारण रक्त उजव्या बाजूला पोचायच्या आधीच उचललं जातं. डाव्या हृदयाचं तसं नाही. मांडीच्या धमनीतून वर ढकललेलं रक्त महाधमनीत उलट दिशेने चढतं आणि एलव्हीच्या, म्हणजे डाव्या खालच्या कप्प्याच्या, दारासमोर दाब धरून उभं राहतं. दुबळ्या एलव्हीला आता त्या दाबावर मात करून झडप उघडायची आहे. फ्लो जितका जास्त, तितकं ते दार जड.

सांगली-मिरजेच्या माणसाला हे सांगायला पुरासारखं दुसरं उदाहरण नाही. कृष्णा चढली की शहरातले ओढे-नाले तिच्यात पडत नाहीत. नाल्यात पाणी असतं, उताराही असतो, पण पुढे नदीची पातळी वर असते म्हणून पाणी मागे फिरून घरांत शिरतं. आपण त्याला फुगवटा म्हणतो. इथे महाधमनी ही नदी, एलव्ही हा नाला आणि फुफ्फुसं ही घरं. फ्लो वाढवा म्हणणं म्हणजे घरांत पाणी शिरलेलं असताना धरणाचे दरवाजे आणखी उघडणं.

आता कुणी विचारेल, एक्मो सगळं रक्त उचलतोय तर एलव्हीत रक्त येतं कुठून? तीन वाटांनी. पहिली, शिरेतला कॅन्युला (जाड नळी) उजव्या ॲट्रियममधलं, म्हणजे वरच्या कप्प्यातलं, सगळं रक्त कधीच घेत नाही. उरलेलं उजव्या व्हेंट्रिकलमधून फुफ्फुसात आणि तिथून डावीकडे येतं. दुसरी, श्वासनलिकांना रक्त पुरवणाऱ्या ब्राँकियल धमन्यांचं बरंचसं रक्त परत डाव्या बाजूलाच उतरतं. हे एकूण पुरवठ्याच्या साधारण एक टक्का धरलं तरी मिनिटाला ४५-५० मिली होतं, म्हणजे तासाला जवळजवळ तीन लिटर. झडप उघडतच नसेल तर त्याला जायला वाट नाही. तिसरी वाट म्हणजे महाधमनीची झडप गळत असेल तर तिथून उलट येणारं रक्त. ही वाट सर्वांत वाईट. तिच्याकडे शेवटी येतो.

कप्पा फुगला की नुकसान तीन ठिकाणी होतं. लाप्लासच्या नियमाने भिंतीवरचा ताण दाब आणि त्रिज्या दोन्हींबरोबर वाढतो, आणि भिंत पातळ झाली की आणखी वाढतो; म्हणजे आधीच उपाशी असलेल्या स्नायूची ऑक्सिजनची भूक वाढते. त्याच वेळी आतला दाब ३०-३५ वर गेला की भिंतीच्या आतल्या थराला कोरोनरीचं रक्त मिळत नाही. तुम्ही स्टेंट घालून उघडलेल्या धमनीचा उपयोग त्या थरापर्यंत पोचतच नाही. दुसरं, दाब मागे जाऊन फुफ्फुसात पाणी होतं. तिसरं, साचलेलं रक्त गोठतं: कप्प्यात, आणि झडपेच्या वर महाधमनीच्या मुळाशीसुद्धा, जिथून कोरोनरी निघतात. रक्त गोठू न देणारं हेपरिन चालू असतानाही गोठतं.

ओळखायचं कसं, यावर थोडं थांबतो, कारण उशीर बहुतेक इथेच होतो. पल्स प्रेशर १० च्या खाली गेलं की एको करायचाच, राउंडची वाट बघायची नाही. एकोत चार गोष्टी बघा: महाधमनीची झडप प्रत्येक ठोक्याला उघडते का, की तीन-चार ठोक्यांतून एकदा, की अजिबातच नाही, कप्पा कालच्यापेक्षा मोठा झालाय का, आत धूर दिसतो का, आणि टोकाशी गाठ आहे का. पल्मनरी आर्टरीत कॅथेटर असेल तर डायस्टोलिक दाब २५ च्या वर किंवा वेज (कॅथेटरने मिळणारा डाव्या ॲट्रियमच्या दाबाचा अंदाज) १८ च्या वर हे सरळ उत्तर आहे. व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया पुन्हा पुन्हा येऊ लागला तर तोही ताणलेल्या कप्प्याचा इशारा समजा, दरवेळी फक्त अमिओडॅरोन वाढवत बसू नका. गुलाबी फेस ही उशिराची खूण आहे. फेस आला म्हणजे आपण काही तास मागे आहोत.

एक सावधगिरी. आयएबीपी (महाधमनीत ठेवलेला, ठोक्याबरोबर फुगणारा बलून) चालू असेल तर लाइनवर लाटा दिसतात आणि पल्स प्रेशर ३०-४० येतं. ती लाट बलूनची असते. बलून अर्धा मिनिट थांबवून लाइन बघा किंवा थेट झडप बघा. बलूनच्या लाटेवर विश्वास ठेवून रात्र काढली आणि सकाळी कप्प्यात गाठ मिळाली, असं होऊ शकतं.

पुढे काय करायचं ते परिस्थितीवर ठरतं, आणि हे मी पळवाट म्हणून लिहीत नाही. स्नायूत थोडीतरी ताकद शिल्लक आहे का? हृदय दोन-चार दिवसांत सावरण्यासारखं आहे, की एलव्हॅड (डाव्या कप्प्याला जोडायचा दीर्घ मुदतीचा पंप) किंवा प्रत्यारोपणापर्यंत न्यायचं आहे? मायोकार्डायटिसमध्ये, किंवा आपल्या ग्रामीण भागात दिसणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या म्हणजे धान्यातल्या गोळीच्या विषबाधेत, स्नायू बधिर होतो पण रुग्ण तगला तर बऱ्याचदा परत येतो; तिथे काही दिवस कप्पा फुगू न देणं एवढंच काम असतं. मोठ्या झटक्यात मेलेला स्नायू परत येत नाही, तिथे व्हेंट (डावीकडचं साचलेलं रक्त काढायची वाट) निवडतानाच पुढच्या आठवड्याचा विचार करावा लागतो. फुफ्फुसं कशी आहेत, उजवं हृदय कसं आहे, मांडीच्या धमन्या किती जाड आहेत आणि रात्री दोन वाजता तुमच्या इमारतीत कोण हजर असतं, यावरही बरंच अवलंबून आहे.

तरी सुरुवात सगळीकडे सारखीच: कोणतंही यंत्र न लावता जे करता येतं ते.

फ्लो कमी करा. एकदम नाही, ३०० ते ५०० मिलीच्या पायऱ्यांनी, प्रत्येक पायरीवर १५-२० मिनिटं थांबून. प्रत्येक पायरीला झडप बघा आणि शरीराला पुरतंय का ते बघा: शिरेकडच्या लाइनमधलं सॅच्युरेशन ६५ च्या वर, लॅक्टेट चढत नाही, लघवी तासाला किलोमागे अर्धा मिली. तुमच्या रुग्णाला ४.५ लिटर लागतायत असं कशावरून? बरेचदा पहिल्या रात्रीच्या धावपळीत लावलेला आकडा तसाच राहून गेलेला असतो. ३.२-३.५ वर झडप उघडू लागली आणि लॅक्टेट जागेवर राहिलं तर निम्मं काम झालं. मात्र मोठ्या माणसात २ लिटरच्या खाली फार वेळ राहू नका. सर्किट आणि ऑक्सिजनेटर गोठू लागतात.

मीन प्रेशर ८५ हवंच कशाला? ६० ते ६५ पुरतं, जुन्या रक्तदाबाच्या किंवा खराब मूत्रपिंडाच्या रुग्णात ७०. नॉरॲड्रेनॅलिन उतरवा. ते बंद होऊनही दाब वर राहत असेल तर नायट्रोग्लिसरिन किंवा नायट्रोप्रुसाइड, इन्फ्युजनने, जपून. सपाट लाइनवर सिस्टोलिक-डायस्टोलिकला अर्थ नसतो, औषधं मीनवरच चालवा.

मग स्नायूला थोडा हात द्या. एक्मो चालू आहे म्हणून इनोट्रोप (आकुंचनाचं बळ वाढवणारी औषधं) पूर्ण बंद करणं ही नेहमीची चूक आहे. डोब्युटामिन मिनिटाला किलोमागे ३ ते ५ मायक्रोग्रॅम, किंवा ॲड्रेनॅलिन ०.०२ ते ०.०५. मिलरिनोन द्यायचं तर बोलसशिवाय, आणि मूत्रपिंड मंद असेल तर डोस कमी. जोरात पिळायचं नाही, झडप उघडण्याइतपत डोस हवा. डोस वाढवूनही झडप हलत नसेल तर आणखी वाढवून फक्त ॲरिदमिया पदरी पडेल. तिथे थांबा आणि पुढची पायरी चढा.

व्हेंटिलेटरवर पीप (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखलेला दाब) १० ते १२. याने फुफ्फुसातलं पाणी मागे रेटलं जातं आणि डाव्या कप्प्याचा भारही थोडा उतरतो. फ्युरोसेमाइडचं इन्फ्युजन, लघवी पुरेशी नसेल तर डायलिसिसच्या यंत्राने सतत पाणी काढणं, तासाला निव्वळ ५० ते १०० मिलीपासून. इथे बिघडतं ते असं: उत्साहात पाणी जास्त काढलं जातं, शिरेकडचा कॅन्युला भिंतीला चिकटू लागतो, लाइन थडथड उडते, फ्लो खालीवर होतो. मग कुणीतरी आरपीएम (पंपाचे मिनिटाचे फेरे) वाढवतं आणि ओढ आणखी वाढून रक्तपेशी फुटतात. थडथड आली की आरपीएम कमी करायचे. ओढीचा दाब उणे १०० च्या पलीकडे जाऊ द्यायचा नाही. आणि लगेच अर्धा लिटर सलाइन सोडून मोकळं व्हायचं नाही, कारण ते सलाइन शेवटी त्याच फुफ्फुसात जाणार.

लय बघा. एक्मोवर व्हीएफमध्येही (कप्पे नुसते थरथरतात त्या लयीत) मीन प्रेशर ठीक दिसतं, म्हणून शॉक द्यायला लोक रेंगाळतात. व्हीएफमधला एलव्ही म्हणजे बंद डबा. त्याला ताबडतोब शॉक द्या. ठोके फार मंद असतील तर ८०-९० वर पेसिंग, शक्य असेल तर ॲट्रियमसकट.

एवढं सगळं करायला एक-दोन तास पुरतात. त्यात झडप नियमित उघडू लागली, पल्स प्रेशर १५ च्या वर गेलं, फेस कमी झाला, तर तिथेच थांबा आणि दर चार-सहा तासांनी एको करा. झडप पूर्ण बंद आणि आत धूर असेल तर दोन तासही देऊ नका; औषधं चालू ठेवून कॅथलॅबला फोन करा.

यंत्रांत पहिला येतो आयएबीपी, कारण तो आपल्याकडच्या बहुतेक कॅथलॅबमध्ये असतो आणि लावायला २० मिनिटं लागतात. एक्मोच्या धमनी-कॅन्युलाच्या विरुद्ध मांडीतून घाला. उंची १६३ ते १८३ सेंटीमीटरला ४० मिलीचा बलून, १५२ ते १६३ ला ३४ मिलीचा. टोक डाव्या सबक्लेव्हियनच्या १ ते २ सेंटीमीटर खाली; हे एक्स-रेवर बघितल्याशिवाय सोडू नका. लाइन सपाट असते म्हणून प्रेशर ट्रिगर धरत नाही, ईसीजी ट्रिगर ठेवा, १:१. बलून आत थांबलेल्या अवस्थेत अर्ध्या तासाहून जास्त ठेवायचा नाही, त्याच्यावर गाठ धरते.

बलूनकडून अपेक्षा बेताची ठेवा. झडप थोडीफार उघडत असेल तर तो तिला मदत करतो. झडप अजिबात उघडत नसेल तर तो कप्प्यातलं रक्त बाहेर काढू शकत नाही. त्याच्याकडे ओढण्याची सोयच नाही. शिवाय फुगलेला बलून खालून येणाऱ्या एक्मोच्या प्रवाहाला क्षणभर आडवाही येतो. २०१२ मधल्या ६०० रुग्णांच्या आयएबीपी-शॉक-२ या चाचणीत शॉकमध्ये नुसत्या बलूनने मृत्यू कमी झाले नाहीत. ते रुग्ण एक्मोवरचे नव्हते, त्यामुळे तो निकाल इथे जसाच्या तसा लावता येत नाही, पण बलून लावला म्हणजे व्हेंट झाला असं समजू नये, एवढं मी त्यातून नक्की घेईन.

इम्पेला तुमच्याकडे नाही, म्हणून थोडक्यात. झडपेतून आत जाणारा हा छोटा पंप कप्प्यातून थेट ओढतो, म्हणून व्हेंट म्हणून तो सर्वांत सरळ. सीपी मॉडेलचा पंप १४ फ्रेंच, तोंड झडपेच्या ३.५ सेंटीमीटर खाली, आणि व्हेंटपुरता चालवायचा तर पी-२ ते पी-४ पुरे, साधारण दीड ते अडीच लिटर. कप्प्यात गाठ असेल किंवा महाधमनीची झडप यांत्रिक असेल तर तो घालायचा नाही. लघवी कोलासारखी झाली, प्लाझ्मातलं मोकळं हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या वर गेलं, तर आधी जागा तपासा, मग पी-लेव्हल उतरवा. खर्च मोठा आहे, आणि तो नातेवाइकांशी पंप मागवण्याच्या आधी बोलावा.

आता ज्या उपायाकडे आपल्या भागात पुरेसं लक्ष जात नाही असं मला वाटतं, तो. दोन ॲट्रियममधल्या पडद्यातून डावीकडचं रक्त काढणं. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने आवळलेल्या मायट्रल झडपा अजून दिसतात, आणि त्या बलूनने उघडणारे कार्डिओलॉजिस्ट ब्रोकनब्रोची सुई आणि मलिन्स शीथ घेऊन पडदा छेदायला सरावलेले असतात. कौशल्य तुमच्या गावातच आहे. तेच इथे वापरायचं. ट्रान्सइसोफेजियल एकोखाली पडदा छेदायचा, ताठ वायर डाव्या वरच्या पल्मनरी व्हेनमध्ये ठेवायची आणि १० ते १४ मिलिमीटरचा बलून पडद्यात फुगवून भोक मोठं करायचं. डाव्या ॲट्रियममधलं रक्त उजवीकडे येतं आणि चालू असलेला शिरेकडचा कॅन्युलाच ते उचलतो. नवा पंप नको, मांडीत नवी नळी नको. दुसरा प्रकार म्हणजे अनेक छिद्रांचा शिरेचा कॅन्युला पडद्यातूनच पलीकडे सरकवायचा, म्हणजे टोकाची छिद्रं डाव्या आणि बाजूची उजव्या ॲट्रियममध्ये राहतात; याला लाव्हा-एक्मो म्हणतात. तो जास्त खात्रीचा, पण रुग्णाला कूस वळवताना कॅन्युला दोन-तीन सेंटीमीटर सरकला तरी सगळं बदलतं. त्वचेजवळ मार्करने खूण करा आणि दर पाळीला ती मोजा.

या वाटेचे दोन तोटे माहीत असावेत. फुफ्फुसं झपाट्याने सुधारतात, दोन दिवसांत एक्स-रे काळा होऊ लागतो, पण एलव्ही थेट रिकामा होत नाही. उलट त्यात येणारं रक्तच कमी झाल्याने झडप बंदच राहू शकते आणि आत गोठण्याचा धोका उरतो. म्हणून डोब्युटामिन चालू ठेवायचं, एको चालू ठेवायचा. दुसरं, एक्मो काढल्यावर भोक राहतं. बहुतेकांना लगेच त्रास होत नाही, पण उजवीकडचा दाब जास्त असेल तर निळं रक्त डावीकडे जाऊन ऑक्सिजन पडतो. मग ते बंद करणाऱ्या उपकरणाचा विचार करावा लागतो.

छाती उघडी असेल किंवा हृदयशल्यचिकित्सक हाताशी असतील तर उजव्या वरच्या पल्मनरी व्हेनमधून डावीकडे व्हेंट घालता येतो, किंवा डाव्या पाचव्या बरगडीखालच्या छोट्या छेदातून थेट एलव्हीच्या टोकात. टोकातला व्हेंट उत्तम ओढतो. पण ताज्या झटक्याचा स्नायू भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा असतो, टाके धरत नाही आणि रक्तस्राव होतो. तुमच्या रुग्णाचा झटका पुढच्या भिंतीचा आणि टोकाचा आहे, म्हणून मी ही वाट शेवटी ठेवेन. गळ्यातून पल्मनरी आर्टरीत १५-१७ फ्रेंचचा कॅन्युला घालून ओढणं हाही एक मार्ग आहे. फुफ्फुसाकडे जाणारं रक्तच अडवल्याने डावीकडचा भार उतरतो. मांडीतून झडपेपलीकडे ६-७ फ्रेंचचा पिगटेल टाकून तो सर्किटला जोडण्याची युक्ती काही जण करतात. त्यातून मोठ्या माणसाचं फारसं रक्त निघत नाही आणि नळी लवकर गोठते. मी ती लहान मुलांपुरती किंवा वेळ मारून नेण्यापुरती धरेन.

व्हेंट कोणताही असो, तो सर्किटला जोडताना अपघात होतात, म्हणून क्रम लिहितो. जोड पंपाच्या आधी, शिरेकडच्या लाइनमध्ये, वाय-कनेक्टरने. दोन माणसं, क्लॅम्प मोजून चार, ऑक्सिजन आणि औषधं तयार. आधी धमनीकडचा क्लॅम्प, मग आरपीएम खाली, मग शिरेकडचा क्लॅम्प. काप निर्जंतुक कात्रीने सरळ. दोन्ही तोंडांवर सलाइनची धार धरून जोडायचं, आत बुडबुडा राहता कामा नये. टाय लावायचे. सुरू करताना आधी शिरेकडचा क्लॅम्प सोडायचा, आरपीएम दीड हजाराच्या आसपास आल्यावरच धमनीकडचा; नाहीतर रक्त धमनीतून उलट पंपाकडे धावतं. तयारी नीट असेल तर हे मिनिटाच्या आत होतं.

ही बाजू ओढीची आहे, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत हवं. व्हेंटच्या लाइनवर सैल राहिलेली एक थ्री-वे हवा आत खेचून पंप बंद पाडू शकते. तिच्यावरून औषध नाही, रक्ताचा नमुना नाही. व्हेंटला वेगळा फ्लो सेन्सर लावा, कारण एकूण फ्लो बघून व्हेंट चालतोय की बंद पडलाय ते कळत नाही. अर्धा ते दीड लिटर मिळाला तर छान; २००-३०० मिलीच्या खाली घसरला तर लाइन वाकलीय, भिंतीला चिकटलीय किंवा गोठतेय. आणि एकच पंप दोन नळ्यांतून ओढतो, त्यामुळे एकीकडे जास्त गेलं की दुसरीकडे कमी होतं. स्क्रूचा क्लॅम्प अर्धवट आवळून वाटणी जमवावी लागते.

झडप उघडू लागली की नवा धोका सुरू होतो, आणि तो चांगल्या बातमीच्या आड लपतो. एलव्ही आता फुफ्फुसातून आलेलं रक्त बाहेर टाकतो. फुफ्फुसं अजून भिजलेली असतील तर ते रक्त निळसर असतं, आणि तेच आधी कोरोनरीत आणि मेंदूत जातं. पायाकडचं रक्त लालभडक, मांडीतला नमुना उत्तम, आणि मेंदू उपाशी. म्हणून आर्टेरियल लाइन उजव्या मनगटातच हवी, सॅच्युरेशनचा प्रोब उजव्या हाताला किंवा कानाला. उजव्या मनगटातला पीएओटू (रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब) ६० च्या खाली गेला तर व्हेंटिलेटरचं ऑक्सिजन आणि पीप वाढवा. तेवढ्याने भागलं नाही तर गळ्यातल्या शिरेत जास्तीचा परतीचा कॅन्युला घालून व्हीएव्ही करावं लागतं. पडद्यातून काढलेला व्हेंट इथे थोडा बरा पडतो, कारण तो निळं रक्त एलव्हीत पोचायच्या आधीच उचलतो.

रात्रपाळीच्या चार्टवर दर तासाला एवढं असू द्या: पल्स प्रेशर, मीन, फ्लो आणि आरपीएम, व्हेंटचा वेगळा फ्लो, ओढीचा दाब, ट्यूबमधल्या स्रावाचा रंग, लघवीचा रंग, दोन्ही पावलांची ऊब. उजव्या मनगटाचा एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) दर चार तासांनी. हेपरिन एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) ६० ते ८० सेकंदांवर. धूर दिसत असेल आणि कुठून रक्त वाहत नसेल तर वरच्या टोकाकडे.

सगळ्यांना पहिल्या दिवसापासूनच व्हेंट लावावा का, असंही तुम्ही विचारलंय. पुरावा दोन्ही बाजूंनी ओढतो. २०२० मध्ये आलेल्या ६८६ रुग्णांच्या बहुदेशीय नोंदीत एक्मोबरोबर इम्पेला असलेल्यांचे मृत्यू कमी होते, पण रक्तस्राव आणि पायाच्या रक्तपुरवठ्याच्या अडचणी जास्त. आणि ती नोंद होती, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे. २०२३ मध्ये कोरियातल्या अर्ली-अनलोड चाचणीत ११६ रुग्णांत पडद्यातून लवकर व्हेंट आणि नेहमीची पद्धत यांची तुलना झाली: ३० दिवसांतले मृत्यू सुमारे ४७ आणि ४५ टक्के, म्हणजे फरक नाही. पण नेहमीच्या गटातल्या निम्म्या रुग्णांना पुढे गरज पडली म्हणून व्हेंट लावावाच लागला, हे वाचल्याशिवाय तो निकाल वाचू नये. त्याच वर्षीच्या ईसीएलएस-शॉक चाचणीत झटक्यानंतरच्या शॉकमध्ये सरसकट एक्मोने मृत्यू कमी झाले नाहीत, आणि तिथे व्हेंट जेमतेम ६ टक्के रुग्णांना होता. माझं मत असं: प्रत्येकाला नाही, पण गरज दिसल्यावर तासाभरात लावता येईल अशी तयारी कॅन्युला घालायच्या आधीच. कोणता व्हेंट, कोण लावणार, सामान कुठल्या कपाटात, हे संमतिपत्रावर सही घेतानाच ठरलेलं असावं.

पुण्याला हलवायचं तुमच्या मनात आहे. एलव्हॅड-प्रत्यारोपणाचा विचार असेल तर ते योग्यच, पण फुगलेल्या हृदयासह निघू नका. सांगली-मिरजेहून पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, रुग्ण घेऊन साडेचार-पाच तास. वाटेत गुलाबी फेस वाढला तर अँब्युलन्समध्ये करण्यासारखं फारसं काही उरत नाही. आधी इथेच फ्लो-औषधांनी किंवा पडद्याच्या वाटेने झडप आणि फुफ्फुसं ताब्यात आणा, सहा तास स्थिर बघा, मग निघा. ऑक्सिजनचा हिशेब: स्वीप (एक्मोच्या ऑक्सिजनेटरला जाणारा वायू) ४ लिटर आणि व्हेंटिलेटर ११ लिटर धरला तर मिनिटाला १५, पाच तासांचे ४५०० लिटर. खंबाटकीला कोंडी झाली तर म्हणून दुप्पट, ९००० लिटर. डी टाइप सिलिंडरमध्ये ७००० आणि बी टाइपमध्ये १५०० लिटर; म्हणजे एक डी आणि दोन बी. एक्मो कन्सोल, आयएबीपी, व्हेंटिलेटर आणि सिरिंज पंप एकत्र अँब्युलन्सच्या इन्व्हर्टरवर अर्धा तास चालवून बघा, आवारातच. हाताने फिरवायचा पंप कपाटात नको, कन्सोलशेजारी लटकलेला हवा.

राहिली ती गळती. महाधमनीची झडप गळते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि तुमच्या रुग्णाचं बरंच काही त्यावर ठरेल. मध्यम किंवा जास्त गळती असेल तर एक्मोचं रक्त प्रत्येक क्षणी एलव्हीत उलट उतरतंय. मग आयएबीपी लावायचाच नाही, तो गळती वाढवतो. पडद्याचा व्हेंटही कमी पडतो, कारण कप्पा पुढच्या दाराने भरतोय. तिथे थेट कप्प्यातून ओढणारा व्हेंट लागतो, आणि शस्त्रक्रियेच्या टीमशी लगेच बोलावं लागतं. सपाट लाइनवर गळतीचा आवाज ऐकू येत नाही आणि कलर डॉप्लर मुद्दाम लावल्याशिवाय ती दिसत नाही. आत्ता फ्लो ४ वर आणा, नॉरॲड्रेनॅलिन उतरवायला सुरुवात करा, आणि तेवढ्यात प्रोब ठेवून ही एक गोष्ट बघून कळवा. गळती नसेल तर पडद्याच्या वाटेची तयारी ठेवा. असेल तर मी वर लिहिलेला क्रम बदलून सांगेन.